कंट्रोलच्या टबातली मोहरी

सुपडूभाऊ, गेल्या आठवड्यात तुमच्या शोकसभेत मी उभी राहून खोटं बोलले.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्याच डिपार्टमेंटचे लॅब अटेंडंट होते ते, दोन शब्द तुम्हीच बोला." मी उठले. हातात कागद नव्हता, आणि तोंडातून निघालं काय, तर तुम्ही प्रामाणिक होता, कष्टाळू होता आणि वक्तशीर होता. वक्तशीर! तुम्ही! धरणगावकडची एसटी रोज तुमच्यासाठीच पंक्चर व्हायची का हो? साडेदहाचं प्रॅक्टिकल, आणि तुम्ही अकराला दारात, टोपी हातात धरून, "गाडीच उशिरा उनी, मॅडम." मागच्या बाकावर क्लार्क मंडळींनी ओठ चावून हसू दाबलं ते मी पाहिलं. मग सगळ्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली. तुमच्या शोकसभेत कुणीतरी हसलं, याचं मला बरंच वाटलं.

पण मी म्हणते ते खोटं हे नव्हे. हे आपलं शोकसभेतलं, सगळेच बोलतात तसलं. खरी गोष्ट अशी, की माझ्या पीएच.डी.तल्या ज्या एका प्रकरणासाठी आजही लोक माझं कौतुक करतात, ते तुमच्या हातून घडलं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही रिटायर झालात तेव्हा सांगणार होते, दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आलात तेव्हा सांगणार होते. दर वेळी चहा संपायचा आणि तुमची गाडी निघायची. आता तुम्ही असे निघून गेलात, की कुठल्या स्टँडवर जाऊन गाठू? म्हणून लिहायला बसलेय. माझं अक्षर तुम्हाला कधीच लागलं नाही, बाटल्यांवरची लेबलंसुद्धा तुम्ही मला परत वाचून दाखवायला लावायचात. आज जरा सुवाच्य काढते.

आठवतं का, सुरुवात कशी झाली ते? ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या माझ्या माहेरून जळगावला येताना पाटाच्या कडेची शेतं दिसायची, पाणी आलं आणि जमिनीवर मिठाचा पांढरा फुफाटा चढला अशी. ऊस नाही, कापूस नाही, बांधावर झाडही नाही. माझ्या डोक्यात बसलं, की अशा खारवट जमिनीत कडुनिंबाचं रोप कुठवर तग धरतं ते बघायचं. मातीत बघितलं तर शंभर भानगडी, म्हणून मातीच नको, रोपं नुसत्या पाण्यात वाढवायची. धुळ्याच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "करा. पण आकडे चोख हवेत."

तुम्हाला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही झाडू भिंतीला टेकवून माझ्याकडे बघतच राहिलात. "मातीबिगर झाड? आन् वरतून मीठ?" मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, "मॅडम, झाडानं तुमचं काय वाकडं केलं?"

पण लागलात कामाला. प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात आपण चार टब मांडले. धुणं भिजवायचे असतात तसले, निळे. वर थर्माकोलची झाकणं, त्याला भोकं, आणि भोकात कापसाचा बोळा लावून एकेक रोप अडकवलेलं, मुळं खाली पाण्यात लोंबकळणारी. कापूस तुम्ही घरचा आणायचात, वेचून, सरकी काढून. पाण्यात रोपाला लागणारं सगळं अन्न मी तोलून घालायचे. मुळांना हवा मिळावी म्हणून माशांच्या काचपेटीला लावतात तो छोटा पंप, बुडबुडे सोडणारा. वीज गेली की तुम्ही लाकडी पट्टीनं पाणी ढवळत बसायचात. त्या पट्टीला मी हात लावलेला तुम्हाला चालायचा नाही.

तीन टबांत मीठ घातलं, कमी, मध्यम आणि जास्त, एकदाच मोजून. चौथा टब बिनमिठाचा. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो, बाकीच्यांची तुलना त्याच्याशी करायची असते. तुम्ही त्याला माहेरवाशीण म्हणायला लागलात आणि उरलेल्या तिघींना सासुरवाशिणी. रोज आल्या आल्या व्हरांड्यात डोकावून बातमी द्यायचात. "धाकली सासुरवाशीण बरी शे. मधलीनी पानं टाकी दिधी. मोठीनं काही खरं नही." आणि माहेरवाशिणीकडे बघून नुसते हसायचात. होतीच तशी ती. सोळा रोपं, पानं अशी तकतकीत, की हात लावावासा वाटे.

तुमच्या-माझ्या भांडणांची सुरुवातही तिथलीच. तुम्ही विचारलंत, या मीठ घातलेल्या रोपांना होतं काय? मी सांगितलं, त्यांच्यावर ताण येतो. तुम्ही म्हणालात, "दिसतो का?" मी म्हटलं, ताण दिसत नाही, पानांवरून ओळखायचा. तुम्ही तेवढं ऐकून घेतलंत आणि चहाचे कप गोळा करून गेलात. मला काय ठाऊक, तुम्ही ते वाक्य जपून ठेवलंय.

ऑगस्टात विज्ञान मंडळाची पाहुणे मंडळी आली. प्राचार्य त्यांना व्हरांड्यात घेऊन आले. एक बाई कंट्रोलच्या टबापुढे थांबल्या आणि गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अगंबाई, काय देखणी रोपं हो!" मग एकेकानं वाकून पाहिलं, एकेकानं कौतुक केलं. मी फुगून टम्म. तुम्ही ट्रे घेऊन मागे उभे होता. मंडळी गेल्यावर म्हणालात, "इतलं कोनी चांगलं म्हनू नये, मॅडम. नजर लागी जाई." मी हसले. म्हटलं, भाऊ, हे शास्त्र आहे, इथं नजर-बिजर चालत नाही. तुम्ही ट्रे काखेत मारून निघून गेलात. तुम्ही वाद न घालता निघालात की मी सावध व्हायला हवं होतं.

सप्टेंबर अर्धा सरला आणि कंट्रोलची वाढ मंदावली. पानांची तकाकी गेली, कडा जराशा करपल्या. मेली नाहीत, पण वाढेनात. मी हवालदिल. अन्न तपासलं, पंप तपासला, उन्हाची तिरीप मोजली, टब सरकवला. पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र केमिस्ट्रीवाल्यांकडून दर वेळी हातापाया पडून आणावं लागायचं, म्हणून मी ते फक्त तीन खारट टबांना लावायचे. कंट्रोलचं काय मोजायचं? त्यात मीठ नाहीच तर! हे माझं शहाणपण. डिस्टिल्ड वॉटरची मारामार होती म्हणून पाणी पूर्ण बदलायचेही नाही, नुसती भर घालायचे. हेही माझंच.

आणि वेळ तर हातात नव्हता. निंबोळी जूनमध्ये पडते आणि थोड्याच दिवसांत तिचा जीव जातो, नंतर पेरून उगवत नाही. हा हंगाम गेला की पुढच्या वर्षापर्यंत हात चोळत बसायचं. माझी रजा संपत आलेली, घरी सासरे विचारत, "कधी आटोपणार हे?" सर मंगळवारी आकडे बघायला येणार होते.

सोमवारी मी झाकण जवळून पाहायला वाकले, तर एका निंबाच्या बुंध्याशी, ओल्या कापसावर, दोन इवलीशी हिरवी पानं. निंबाची नव्हेत. शेजारच्या भोकात आणखी एक. मी बॉटनी शिकवते हो, मोहरीचा अंकुर मला ओळखता येणार नाही? झाकण उचललं. टबाच्या तळाशी काळ्या वाळूसारखा थर. चिमटीत घेतला, मोहरी! मग पाण्याचा एक थेंब जिभेवर घेतला.

मी तुम्हाला हाक मारली नाही, किंचाळले. तुम्ही धावत आलात. मी झाकण हातात धरून उभी, मुळांतून पाणी गळतंय. इतकी वर्षं कॉलेजात शुद्ध बोलणारी मी, आजीच्या भाषेत ओरडले, "काय करी ठेवं हाई तुम्ही?"

तुमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद दिसला, की मॅडमला आपली बोली येते. मग तो मावळला. "दृष्ट काढी," तुम्ही म्हणालात.

दर मंगळवारी. आठ मंगळवार. सकाळी मी यायच्या आत, म्हणजे त्या दिवशी गाडी बरी वेळेवर यायची! अर्धी मूठ मीठ आणि मोहरी माहेरवाशिणीवरून सात वेळा उतरवायची. मी विचारलं, अहो, ते चुलीत टाकतात ना? तुम्ही म्हणालात, "चूल नही ना इठे. चूल नसली त वाहता पानीमा टाकतस. ह्या टबमा पानी खळखळ व्हतं." पंपाचे बुडबुडे! माझ्या मुळांच्या हवेसाठी आणलेल्या त्या पंपाला तुम्ही नदी करून ठेवलंत. वर आणखी, जणू मला धीर द्यायला, "घरनं मीठ नही लिधं, मॅडम. बाटलीमधलं लिधं, तुम्हनंच, शुद्ध. मिरची बी नही टाकी. रोपंस्ले झोंबती."

मी झाकण परत टबावर ठेवलं. हसू येत होतं की रडू, सांगता येत नाही. रडूच आलं. अख्खं वर्ष पाण्यात गेलं होतं, तेही खारट. तुम्ही माझ्यासमोर उभे, आणि तुमच्या तोंडून ते जपून ठेवलेलं वाक्य निघालं, तुमच्या शुद्ध मराठीत, जी तुम्ही फक्त साहेबांशी वापरायचात. "मॅडम, ताण दिसत नाही तरी असतो म्हणता. मग नजर दिसत नाही तर ती नसतेच कशी?"

त्या क्षणी मी तुम्हाला चालते व्हा म्हणाले. चांगलं चार तास तोंडही पाहिलं नाही. नंतर दहा वर्षं आपण हा वाद घातला. मी म्हणायचे, ताण मोजता येतो. तुम्ही म्हणायचात, पाहुण्या बाई येऊन गेल्यावर रोपं वाळली की नाही, हे मोजलंत का? मी म्हणायचे, अहो, ती तुमच्या मिठानं वाळली! तुम्ही म्हणायचात, मीठ नसतं टाकलं तर मेलीच असती. ह्यापुढे आपण कधी सरकलोच नाही. आता तो वाद माझ्या एकटीच्या अंगावर टाकून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

मंगळवारी सर आले. टब बघितले, वही बघितली आणि चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की विद्यार्थी गार पडायचे. "कंट्रोलमध्ये मीठ कुणी घातलं?" तुम्ही दारात होता, हातात चहाचा ट्रे. प्राचार्यही होते. आणि मी म्हणाले, "माझ्याकडून झालं, सर. बाटली चुकली."

सर फाडफाड बोलले. सगळं फेका आणि पुढच्या जूनला पहिल्यापासून सुरू करा. ते गेल्यावर तुम्ही माझ्या टेबलाशी आलात, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणालात, "मॅडम, तुम्ही मनी नोकरी वाचाडी."

त्या दिवसापासून पुढे किती वर्षं तुम्ही ते मनात ठेवलंत. वांग्याच्या हंगामात भरताची वांगी, थंडीत कळण्याची भाकरी आणि ठेचा, लेकीच्या लग्नात मला मांडवात पुढची खुर्ची, पाहुण्यांना ओळख करून देताना, "ह्या मन्या मॅडम. यास्नी मनावरलं सोतावर लिधं." तुमच्यावरचं मी माझ्यावर घेतलं, असं! मी मान खाली घालून बसायचे, आणि लोकांना वाटायचं, किती विनय!

आता ऐका. मी ते तुमच्यासाठी केलं नव्हतं. तुमच्या नोकरीचा विचार माझ्या मनात तेव्हा आलाच नाही. मला लाज वाटली. माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या प्रयोगावरून आठ आठवडे दृष्ट उतरवली जाते आणि मला पत्ता नाही, हे त्या सरांना आणि प्राचार्यांना मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? सगळ्या कॉलेजात हसं झालं असतं. बाटली चुकली हे सांगायला सोपं होतं. भाऊ, मी तुम्हाला झाकलं नाही, मी स्वतःला झाकलं. तुमची भाकरी मी दहा वर्षं फुकट खाल्ली.

आणि पुढचं तर त्याहून वाईट. रोपं फेकायला निघाले तेव्हा तुम्ही आडवे आलात. "फेकू नका. माले द्या." तुमच्या शेताची एक पट्टी पाटाच्या पाण्यानं खारवट झाली होती, बांधावर काही जगत नव्हतं. मी म्हटलं, न्या, इथं डोळ्यांसमोर नकोत. माहेरवाशिणीची सोळातली बारा रोपं धड होती, ती तुम्ही न्यायला घेतलीत. मधल्या टबातली चार-पाच जगली होती तीही घेतलीत. एसटीच्या टपावर दोन डबे चढवताना कंडक्टरशी भांडलात म्हणे.

जानेवारीत एक दिवस तुम्ही नेहमीप्रमाणे उशिरा आलात, पण सबब सांगितली नाहीत. म्हणालात, "बारा बी जित्या शेतस, मॅडम. सासुरवाशिणी बठ्ठ्या मरी गयात." सगळ्याच मेल्या? मी वहीतून डोकं वर काढलं. केमिस्ट्रीवाल्यांच्या यंत्रावर मी शेवटी कंट्रोलचं पाणी मोजलं होतं, ते जवळजवळ मधल्या टबाइतकंच खारट निघालं होतं. म्हणजे तेवढंच मीठ पिऊन एक जगली आणि एक मेली? मी विचारलं, कसं काय?

तुम्हाला त्यात नवल वाटलंच नाही. तुम्ही सांगितलंत, की तुमच्या गावात बाहेरून बैल आणला तर विहिरीचं मचूळ पाणी त्याला एकदम पाजत नाहीत. पहिले काही दिवस गोड्या पाण्यात मिसळून द्यायचं, रोज थोडं वाढवत न्यायचं. मग तो ते पाणी पितो आणि कामही ओढतो. "मी आठ मंगळवार थोडं थोडं दिधं. तुम्ही त्या पोरीस्ले एकदम दिधं. नवी सून बी आशी एकदम कामले जुपी त पळी जाई." आणि हसत कप धुवायला गेलात.

पुढच्या जूनला मी निंबोळ्या दुप्पट आणल्या आणि टबांच्या दोन रांगा लावल्या. एका रांगेत मीठ एकदम, दुसऱ्या रांगेत दर आठवड्याला, थोडं थोडं. कंट्रोलच्या टबाला या खेपेला मी जाळी बसवली, तेव्हा तुम्ही रुसलात. थोडं थोडं मीठ दिलेली रोपं उंच राहिली, मुळं लांब राहिली, पानं टिकली. त्यापुढच्या वर्षी पुन्हा केलं, पुन्हा तेच. सरांनी चष्मा न काढता सगळे आकडे पाहिले आणि म्हणाले, "त्या तुमच्या चुकीतून तुम्ही शिकलात. संशोधकाचं हेच लक्षण."

तुमच्या चुकीतून. तुम्ही ट्रे घेऊन तिथंच उभे होता. तेव्हा मी बोलायला हवं होतं. चूक आपल्या अंगावर घ्यायला माझी जीभ चटकन वळली होती, कौतुक परत करायला मात्र वळली नाही. प्रबंध छापून आला त्यात तुमचं नाव आहे, ऋणनिर्देशात, सर्वांत खाली. काचसामान धुण्यास मदत केल्याबद्दल. एक प्रत तुम्हाला दिली तेव्हा तुम्ही ती कपाळाला लावलीत. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

परवा तुमच्या उत्तरकार्याला गावी आले होते. तुम्ही इतक्यांदा बोलावलंत, आणि मी कधी आले, तर अशी. जेवणं आटोपल्यावर वहिनी म्हणाल्या, चला, तुमच्या पोरी दाखवते. पट्टीच्या बांधावर बारा निंब उभे, भाऊ. घराच्या धाब्याहून उंच, खाली गार सावली, सावलीत तुमची बाज अजून तिथंच. आसपासच्या बांधांवरही निंब दिसले, लहान-मोठे. वहिनींनी सांगितलं, तुम्ही गावभर लोकांना डब्यात रोपं करायला शिकवलंत, मचूळ पाणी आठवड्याला थोडं थोडं वाढवत. गावात त्याला नाव पडलंय, "बाईनी रीत." कोण बाई, तर मी.

आणि प्रत्येक निंबाभोवती मोहरी फुललेली. तुरळक, पण पिवळीधमक. वहिनी म्हणाल्या, "दर मंगळवारी दृष्ट काढेत ना पोरीस्नी." मी म्हटलं, अहो, या खारवट जमिनीत आणखी मीठ? तर त्या म्हणाल्या, "मीठ नही टाकेत. नुसती मोहरी. म्हनेत, मीठ बाईले चालत नही."

मला तिथं राहवलं नाही. तुमच्या बाजेवर बसून मी वहिनींना सगळं सांगितलं, सर, बाटली, लाज, ऋणनिर्देश, सगळं. रडत सांगितलं. त्या पदरानं तोंड पुसत ऐकत होत्या. वाटलं, आता या उठून जातील.

त्या हसल्या हो. तेराव्या दिवशी, कपाळ मोकळं, आणि हसल्या. "त्यास्ले म्हाईत व्हतं, बाई." तुम्ही त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्यांना सांगितलं होतंत, की मॅडम साहेबांपुढे "माझ्याकडून झालं" म्हणाल्या, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. दुसऱ्यासाठी खोटं बोलणाऱ्याचे कान लाल होत नाहीत, बाईला आपली लाज वाटली. तरी पण नोकरी वाचली ती वाचलीच. आणि नंतर प्रबंधाचं कळलं तेव्हा वहिनीच रागावल्या होत्या. तर तुम्ही त्यांना गप्प केलंत. "बाईले काही म्हनू नको, लाजाई जाई ती. तिनी मनी चूक लिधी, मनं कौतुक बी लिधं. फिट्टंफाट."

म्हणजे दहा वर्षं तुम्ही मला वांगी आणून देत होता, मांडवात पुढं बसवत होता, आणि सगळं जाणून होता! लबाड हो तुम्ही, भाऊ. मी तुमच्याकडे बघून मान खाली घालायचे, तेव्हा आतून हसत होता ना? येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले आणि मग हसू आलं, ते जळगाव येईपर्यंत थांबलंच नाही. गाडी पाऊण तास उशिरा पोचली. तुमच्या सगळ्या सबबी मी त्या दिवशी माफ केल्या.

पण फिट्टंफाट झालेलं नाही. तुमचा हिशेब मला मंजूर नाही, हाही आपला एक वाद समजा. हे मी कॉलेजच्या वार्षिक अंकाला देतेय. सर आता थकलेत, त्यांच्या घरी अंक जातो, ते चष्मा काढून वाचतील. काढू देत. लायब्ररीतल्या प्रबंधाच्या प्रतीत मी आजच एक चिठ्ठी चिकटवून आले, सुवाच्य अक्षरात. तिच्यावर एवढंच लिहिलंय:

पहिल्या वर्षी कंट्रोलच्या टबात मीठ माझ्याकडून पडलं नाही. ते दर मंगळवारी, थोडं थोडं, सुपडूभाऊंनी घातलं.